टाकळीची गोगलगाय आणि अंबाझरीचा बांध

आजचा भाग बराचसा सायकलवर रेकॉर्ड झालाय, त्यामुळे ऐकणाऱ्यांना मध्ये मध्ये माझा दम आणि मागून येणाऱ्या ऑटोचा हॉर्न ऐकू येईल. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका.

सुरुवात मावशीपासून करतो. माझी मावशी अंबाझरी लेआउटला राहते, तळमजल्यावर. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ती नेहमीसारखी झोपली आणि २३ तारखेला उजाडायच्या आत तिच्या पलंगाला पाणी लागलं होतं. नागपूरकरांना ती रात्र सांगायची गरज नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडलेला, नाग नदी घराघरात, सकाळी बोटी घेऊन आलेले जवान. शहरात माणसं गेली. मावशीचं फक्त सामान गेलं, म्हणजे फ्रीज, दिवाण, गाद्या आणि आजी-आजोबांच्या लग्नाचा अल्बम. भिंतीवरची पाण्याची रेघ तिने अजून रंगवलेली नाही.

आता प्रश्न असा की घराचं करायचं काय. विकायचं, की जोतं उंच करून तिथेच राहायचं? मावसभाऊ पुण्यात. तो म्हणतो विक. मावशी ऐकत नाही. मागच्या दिवाळीत तिने मला विचारलं, "तू इंजिनिअर आहेस ना रे, मग सांग, हे पाणी पुन्हा येईल का?" मी म्हटलं, मावशी, मी सॉफ्टवेअरचा. बीटेकला आम्हाला जिऑलॉजी नव्हतंच, ते सिव्हिलवाल्यांना होतं. पण प्रश्न डोक्यात राहिला. त्यातच सायकल ग्रुपवर मेसेज आला की एक निवृत्त भूवैज्ञानिक सर रविवारी "दगड दाखवायची राइड" काढणार आहेत. झिरो माइल, टाकळी, सेमिनरी हिल्स, फुटाळा, अंबाझरी. जेमतेम वीस किलोमीटर. म्हटलं चला, मावशीच्या घराखाली काय आहे ते तरी कळेल.

डिसेंबरातली सकाळ, सहा वाजता झिरो माइलला आम्ही अकरा जण. सरांची सायकल जुनी, बिनागिअरची, आणि हँडलला अडकवलेली कापडी पिशवी. पिशवीत हातोडी असेल असं मला वाटलं, निघाला थर्मास. त्यांनी सगळ्यांना आधी सीताबर्डीच्या टेकडीकडे तोंड करून उभं केलं. "हे नागपूरचं पहिलं पान आहे," म्हणाले.

किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे, वर्षातले मोजके दिवस सोडले तर आत जाता येत नाही. पण या टेकडीचा उभा छेद एकोणिसाव्या शतकात लंडनपर्यंत पोचला होता. सगळ्यात खाली ग्नाइस, म्हणजे अतिप्राचीन, भाजून-दाबून पट्टे पडलेला खडक. त्यावर लॅमेटा म्हणतात तो चुनखडीयुक्त वालुकाश्माचा थर, डायनासोरांच्या काळातला. त्यावर लाव्हाचा थर. मग गोड्या पाण्यातल्या गाळाचा एक पातळसा थर. आणि वर पुन्हा लाव्हा. एका बसक्या टेकडीत एवढं सगळं. आपण खाली टेकडी गणपतीला जातो, तिथेच.

आणि यामुळेच नागपूर जमिनीच्या हिशोबाने दोन शहरं आहेत. पश्चिमेकडचा भाग बसाल्टवर, काळ्या कातळावर बसलेला. पूर्वेकडे ग्नाइस आणि तसले जुने खडक, वर गाळाची माती. उत्तरेला कामठीकडे गेलात तर तिसरंच प्रकरण, गोंडवाना, कोळसेवाले खडक. दख्खनचा सगळा लाव्हा सह्याद्रीपासून पसरत येतो आणि इथे येऊन संपतो. कळसूबाई १६४६ मीटर आहे आणि ती लाव्हाच्या थरांवर थर रचूनच झालीय. इथे नागपुरात त्याच चादरीची नुसती किनार आहे. किनार असल्यामुळेच चादरीखाली काय आहे ते दिसतं. मुंबई-पुण्यावाल्यांना ही सोय नाही, हे मी जरा मुद्दाम सांगतोय.

हे सगळं पहिल्यांदा नीट वाचणारा माणूस होता स्टीफन हिस्लॉप. नाव ओळखीचं आहे ना? हिस्लॉप कॉलेज. माझे अर्धे मित्र तिथले, एकालाही हा माणूस दगडवाला होता हे माहीत नव्हतं. त्यांचं सोडा, मलाही नव्हतं. कॉलेज १८८३ चं, हिस्लॉप गेल्यावर वीस वर्षांनी निघालेलं. माणूस स्कॉटलंडच्या डन्स गावचा, जन्म ८ सप्टेंबर १८१७. दोन-अडीच महिन्यांनी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, इकडे याच सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. पुढे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी, १८४५ साली, तो फ्री चर्चचा मिशनरी म्हणून नागपुरात आला. भोसल्यांचं राज्य तेव्हा अजून होतं. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. म्हणजे हिस्लॉपने दोन्ही राजवटी पाहिल्या. तो इथे धर्मप्रसाराला आला होता, दगड त्याचं काम नव्हतं. या बाबतीत मी त्याला संत करत नाही. पण त्याने शाळा काढल्या, गोंडांची भाषा, गाणी, चालीरीती टिपून ठेवल्या आणि फावल्या वेळात दगड गोळा केले.

झिरो माइलवरून सदर, छावणी करत काटोल रोडला लागलो. थंडी बरी होती. टाकळीला, पोलीस लाइनच्या तलावाजवळ थांबलो. सर म्हणाले, "इथेच कुठेतरी."

१८५१ साली टाकळीला फिरताना हिस्लॉप आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांना दगडात गोगलगाईचे शंख दिसले. टाकळी तेव्हा शहराबाहेरचं खेडं, अडीचएक मैलांवरचं. शंख गोड्या पाण्यातला, फायसा जातीचा. सरांनी पिशवीतून एक काढून दाखवला. नखाएवढा, राखाडी. "वेटोळं बघा कुठे वळतंय. डावीकडे. बहुतेक गोगलगाई उजव्या. ही डावखुरी. म्हणून लगेच ओळखू येते."

आता यात विशेष काय? विशेष हे की शंखाच्या खाली लाव्हा होता आणि वरही लाव्हा. लाव्हात गोगलगाय राहत नाही. म्हणजे एकदा लाव्हा आला, थंड झाला, त्याच्या खळग्यांत पावसाचं पाणी साचलं, तलाव झाले, तलावात शेवाळ, गोगलगाई, किडे, काठाला झाडं आली. हे सगळं व्हायला वेळ लागतो, एक-दोन पावसाळे नाही, खूप वेळ. आणि मग पुन्हा लाव्हा आला आणि तलाव झाकून गेला. लाव्हातली सिलिका त्या गाळात मुरली आणि चिखलाचा चक्क गारगोटीसारखा चर्ट झाला. म्हणून शंख टिकले.

हिस्लॉप पहिला नव्हता. माल्कमसन नावाच्या एका डॉक्टरने दख्खनच्या पूर्वेकडचे असे जीवाश्म त्याआधी दहा-बारा वर्षं नोंदवले होते, फायसाला नावही तेव्हाच मिळालं. पण हिस्लॉप आणि हंटर चिवट निघाले. टाकळीच्या एवढ्याशा थरातून त्यांनी शंख, बिया, फळं, लाकूड, किड्यांच्या पंखांची झाकणं असं काय काय काढलं, खोक्यांत भरून इंग्लंडला पाठवलं. १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात दोघांचा नागपूरच्या भूगर्भावरचा लांबलचक निबंध छापून आला. त्याच वर्षी रिचर्ड ओवेनने, 'डायनासोर' हा शब्द ज्याने तयार केला तोच, चंद्रपूरकडच्या मांगलीहून हिस्लॉपने मिळवलेल्या एका कवटीचं वर्णन छापलं. बेडकाच्या दूरच्या नात्यातला चपट्या डोक्याचा प्राणी, डायनासोरांपेक्षाही जुना. हंटर तब्येतीमुळे परत गेला आणि पुढे त्याने मोठा इंग्रजी कोश केला. एका हिरवट खनिजाला हिस्लॉपाइट नाव मिळालं.

ही खोकी उचलणारे, खाणी दाखवणारे, "साहेब, असले दगड आमच्या शेतातबी हायेत" म्हणणारे लोक कोण होते? असणारच. त्यांच्या नावाचं खनिज नाही.

हिस्लॉप चुकलाही, आणि मला तो चुकलेला जास्त आवडला. थरांचा क्रम त्याने असा लावला: आधी मोठा तलाव, मग वरून लाव्हा, आणि खालचा लाव्हा मागाहून जमिनीतून घुसलेला. म्हणजे तळातला थर सगळ्यात नवा. आमच्या भाषेत सांगायचं तर कमिट हिस्टरी उलटी वाचली. १८६७ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या ब्लॅनफर्डने दाखवून दिलं की असे तलाव एकच नाही, अनेक आहेत, वेगवेगळ्या पातळीवर, लाव्हाच्या दोन-दोन थरांमध्ये. लाव्हा, उसंत, तलाव, पुन्हा लाव्हा. साधं आणि बरोबर.

दुसरी चूक वयाची. शंखांवरून त्याने हे थर इओसीन काळातले ठरवले, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरचे. यात तो एकटा नव्हता. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानला पाम वर्गातली जीवाश्म फळं मिळाली, आणि बिरबल साहनींसारखा वनस्पतीशास्त्रज्ञसुद्धा विसाव्या शतकात इओसीनच म्हणत होता. १९८० च्या दशकात खडकांतल्या चुंबकत्वावरून आणि किरणोत्सर्गावरून वयं काढली तेव्हा आकडा आला सुमारे साडेसहा कोटी वर्षं. डायनासोर संपले तो काळ! टाकळीची डावखुरी गोगलगाय ज्या तळ्यात रांगत होती, त्याच्या आसपास डायनासोर पाणी प्यायला येत असणार.

आणि हिस्लॉप स्वतः त्यांच्या हाडांपर्यंत पोचला होता! वरोऱ्याजवळचं पिसदुरा, तिथून त्याने हाडं गोळा केली. तिथेच पुढे डायनासोरांची विष्ठा दगड झालेली सापडली. २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तर आत गवताचे कण. डायनासोर गवत खायचे, ही बातमी जगाला विदर्भातल्या शेणाने दिली. अशोक साहनी हे बिरबल साहनींचे पुतणे. काकांच्या वेळी हे थर डायनासोरांनंतरचे होते, पुतण्याच्या वेळी डायनासोर चरत होते.

असो. टाकळीत आम्ही शंख शोधले का? शोधले. सर तरुणपणी जिथून शंख उचलायचे ती जागा त्यांना आठवत होती. आता तिथे कंपाउंडची भिंत, आत पार्किंग. भिंतीपलीकडे एक नालीचं खोदकाम चालू होतं, सर सायकल टेकवून तिकडे गेले, मातीच्या ढिगाऱ्यात पाच मिनिटं बसले. हात झटकून परत आले. "काही नाही. मुरूम." जगात कुठेही या वयाच्या तळ्यांचा विषय निघाला तर भूवैज्ञानिक ज्या थराचं नाव घेतात तो टाकळीचा थर, आणि तो शोधायला आम्हाला नालीचं काम गाठावं लागलं. एकाने विचारलं, सर, बोर्ड तरी लावायला पाहिजे नाही का? सर म्हणाले, "बोर्ड कुठे लावणार? भिंतीवर?"

पुढे गिट्टीखदान चौक. आयुष्यभर हे नाव उच्चारलं, कधी ऐकलंच नव्हतं. गिट्टीची खदान. नागपूरचे रस्ते, पाये, स्लॅब ज्या काळ्या दगडाचे, तो इथून निघायचा. शहराने आपलं पहिलं पान फोडून त्याचेच रस्ते केले. नावांचा विषय निघालाच आहे तर अजून एक: नाग नदी जिथे उगम पावते त्या वाडीकडच्या टेकड्यांतल्या गावाचं नाव आहे लावा. खरंच. योगायोग आहे, पण खोटं वाटेल इतका चांगला.

सेमिनरी हिल्सचा चढ फार नाही, पण गिअर असूनही मी उतरलो आणि सर बिनागिअरचे बसून गेले. वर सपाटी आहे. सरांनी समजावलं की बसाल्टच्या टेकड्या अशाच, टोपी कापल्यासारख्या सपाट, उतार पायऱ्यांचा. 'ट्रॅप' हा शब्दच पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. या टेकडीवर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, आणि कार्यालय ज्या खडकावर उभं आहे तोच खडक आत नमुना म्हणून ठेवलेला असणार, हा सरांचा विनोद. ते एकटेच हसले.

उतरून फुटाळा. भोसल्यांच्या काळातला तलाव. थर्मासमधला चहा इथे संपला. आणि इथे मावशीच्या प्रश्नाची सुरुवात झाली. मी विचारलं, सगळे तलाव पश्चिमेलाच का?

"कारण उतार पूर्वेला आहे," सर म्हणाले. पश्चिमेला बसाल्टची उंच पट्टी, टेकड्यांच्या मधून नाले, नाले पूर्वेकडे शहरात उतरतात. उतरायच्या आत त्यांना बांध घातला की तलाव झाला, आणि शहराच्या वर असल्यामुळे पाणी आपोआप खाली जातं. फुटाळा तसाच, अंबाझरी तसाच, १९१२ चा गोरेवाडाही तसाच. १८७० च्या सुमाराला अंबाझरीवरून शहराला पाणी जाऊ लागलं ते याच उताराच्या जोरावर. ज्याने हे ठरवलं त्याला जमीन कळत होती.

"मग पूर?"

"तोही त्याच उतारावरून येणार ना. दुसरा रस्ता कुठाय त्याला?"

एवढंच नाही. घट्ट बसाल्टमध्ये पाणी फक्त भेगांतून आणि वरच्या कुजलेल्या मुरुमातून आत जातं. त्यावरची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसात फुगून तोंड मिटून घेते. सप्टेंबरअखेर ती आधीच पोटभर प्यायलेली असते. मग चार तासांत चार महिन्यांसारखा पाऊस आला की जवळपास सगळं पाणी वरून वाहतं. त्यात आपण वर सिमेंट ओतलंय.

आता हिस्लॉपचा शेवट सांगतो, कारण तो इथेच बसतो. सप्टेंबर १८६३. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपलबरोबर तो नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटला गेला होता. तिथली जुनी शिळावर्तुळं, म्हणजे दगडांची गोल मांडणी केलेली प्राचीन थडगी, उकरून बघायची होती. ४ सप्टेंबरला काम आटोपून बाकीचे बोरीच्या मुक्कामाकडे निघाले, हिस्लॉप गावातल्या शाळेची परीक्षा घ्यायला मागे थांबला. अंधार पडला. पाऊस झाला होता. वाटेत एक नाला होता, सकाळी ओलांडलेलाच. रात्री मुक्कामावर घोडा परत आला, पाठीवर कोणी नव्हतं. शोधायला लोक गेले तेव्हा तो पाण्यात सापडला. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. त्याने गोंडांबद्दल लिहून ठेवलेले कागद टेंपलनेच पुढे १८६६ साली छापले.

मी मिहानमध्ये नोकरी करतो. टाकळघाट, बुटीबोरी त्याच अंगाला. तिकडचे नाले उन्हाळ्यात दाखवले तर तुम्ही हसाल, स्कूटर पाणी न लागता पलीकडे जाते. अठरा वर्षं इथली जमीन वाचलेला माणूस तसल्याच एका नाल्यात गेला. सरांनी हे फुटाळ्याच्या काठावर सांगितलं आणि मग कोणी काही बोललं नाही, मक्याचं कणीस विकणाऱ्याचा कोळसा तेवढा तडतडत होता.

अमरावती रोड ओलांडून अंबाझरीला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. बांधावर चालणारे, धावणारे, योगावाले. सांडव्याच्या बाजूला विवेकानंद स्मारक. त्या स्मारकावरून आणि पुरावरून कोर्टात बरंच झालंय, ते तुम्ही वाचलं असेल, मी त्यात पडत नाही. मी फक्त बांधावर उभं राहून खाली पाहिलं. तलावाचं पाणी डोळ्यांसमोर होतं आणि मावशीच्या लेआउटच्या गच्च्या खाली. इतकी वर्षं आलो-गेलो, पण कोण वर आणि कोण खाली हे लक्षात आलं नव्हतं. पाण्याच्या टाक्या दिसत होत्या, त्यातली काळी मावशीची.

मी सरांना तिचा प्रश्न विचारला, शब्द न बदलता. पुन्हा येईल का?

सर जरा वेळ थांबले. म्हणाले, "कधी येईल ते मी सांगू शकत नाही, कोणीच नाही. कुठून येईल ते सांगू शकतो. नाग नदी त्या घरांच्या आधीपासून तिथे आहे. तिला रुंद व्हावं लागलं की ती तिथेच रुंद होणार. सांडवा नीट, पात्र मोकळं, तर पाणी कमी चढेल. पण जागा तिची आहे." मग म्हणाले, "त्यांना सांगा, जोतं उंच करणार असाल तर भिंतीवरच्या रेघेच्या वर करा. रेघेइतकं नको."

बाकीचे तर्री पोहे खायला निघाले. मी सरांना घेऊन मावशीकडे गेलो. फाटकासमोर गिट्टीचा ढीग पडलेला. म्हणजे ठरलं होतं. तिने मला सांगितलं नव्हतं, मावसभावालाही नाही. "कुठे जाऊ या वयात," एवढंच म्हणाली. सरांनी तिला रेघेचं सांगितलं. तिने कंत्राटदाराला तिथल्या तिथे फोन लावला आणि अजून दीड फूट वाढवायला सांगितलं. पलीकडून तो खर्चाचं काहीतरी बोलत होता, तिने ऐकून न घेता फोन ठेवला.

मी बाहेर येऊन पाहतो तर सर गिट्टीच्या ढिगापाशी उकिडवे बसलेले. एकेक खडा उचलून उन्हात फिरवून बघत होते. मीही बसलो. काळा, काळा, काळा, एक पांढऱ्या ठिपक्यांचा. मावशी दारातून म्हणाली, "सापडलं काही तर मला द्या हो, शोकेसमध्ये ठेवते, रिकामंच आहे ते. पण आधी चहा घ्या, निवतोय."